परतीची गोष्ट

कथास्पर्धेचं परीक्षण म्हणजे मानाचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या वाचनालयाच्या माडीवर यावं. दिवाळी झाली की तिथं पोती येऊन पडतात. पोती म्हणजे खरीच पोती, साखरेची, कारण एवढे लिफाफे ठेवायला दुसरं काही पुरत नाही. जिल्ह्यातला जो तो लिहितो. कुरुंदवाडचा दुकानदार लिहितो, पन्हाळ्याकडची नर्स लिहिते, निवृत्त तलाठी तर हमखास लिहितो आणि त्याच्या गोष्टीतला तलाठी नेहमी प्रामाणिक असतो. निम्म्या गोष्टी सूर्य मावळताना सुरू होतात. उरलेल्यांत आई मरते. अलीकडं मोबाइलकडून लिहून घेतलेल्याही येतात. त्या लगेच ओळखू येतात, कारण त्यांत कुणी कुणाला शिवी देत नाही आणि कुणाचा पाय शेणात पडत नाही. हे सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. कंटाळा आला तरी वाचायचं. हा आमचा पहिला नियम, आणि तो माझ्या सरांनी घातलेला.

सर म्हणजे मला शाळेत मराठी शिकवलेले सर. मूळचे कोडोलीचे, नोकरीसाठी कोल्हापुरात आले आणि राजारामपुरीत घर करून राहिले. वर्गात छापील बोलायचे आणि घंटा झाली की थेट कोडोलीत उतरायचे. मी पुढं त्यांच्यासारखीच मराठीची मास्तरीण झाले, निवृत्तही झाले, पण त्यांच्यासमोर अजून खुर्चीच्या कडेलाच बसते. स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून ते परीक्षक. मला त्यांनीच ओढून आणलं. "घरात बसून सुनेच्या चुका काढण्यापरीस हितं येऊन काढ," म्हणाले. मला सून नाही, तरी आले.

तिसरे परीक्षक वारणानगरहून येणारे एक प्राध्यापक. जैन, नेमधर्माचे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळं आमच्या बैठका उजेडातच उरकायच्या. माणूस झपझप काम करणारा. पहिल्याच वर्षी त्यांनी सुचवलं होतं की पहिलं पान वाचावं, जमलं नाही तर गोष्ट बाजूला टाकावी. शितावरून भाताची परीक्षा होतेच की, असं ते म्हणाले.

सर म्हणाले, "ते भाताला ठीक हाय, पावणं. गोष्ट म्हंजे भात न्हवं. तिचं पयलं शीत कच्चं असतंय आणि शेवटचं शिजल्यालं असतंय. लिवणाऱ्यानं शेवटपतोर लिवलंय, तर आपुन शेवटपतोर वाचायचं. एवढं बी जमत नसंल तर कशाला उगंच शाल-नारळ घ्यायचा."

शेवटपर्यंत वाचायचं ठरलं, पण सगळ्यांनी सगळं वाचणं शक्यच नव्हतं. म्हणून तीन वाटे करायचे. प्रत्येकानं आपला वाटा घरी नेऊन वाचायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. लिफाफ्यावरचं नाव ग्रंथपालांनी आधीच कापून घेतलेलं असायचं, आमच्या हातात नुसता आकडा. ज्या गोष्टीला सात किंवा जास्त मिळाले ती बाकीच्या दोघांकडं फिरायची. ज्या गोष्टीला कमी मिळाले ती परत पोत्यात. म्हणजे एका माणसानं एका दुपारी जे ठरवलं त्यावर कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचं भलंबुरं अवलंबून. हा विचार मनात आला की मला गुण द्यायची भीतीच वाटायची.

सरांनाही वाटायची. ज्या दिवशी काकूंशी, म्हणजे बायकोशी, भांडण होतं त्या दिवशी आपल्याकडून गुण कमी पडतात, हे त्यांनी स्वतःच ओळखलं होतं. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. तिला आम्ही परतीची गोष्ट म्हणायचो. वाट्याचे दोन गठ्ठे करायचे. पहिला गठ्ठा वाचून परत आला की त्यातली एक गोष्ट ग्रंथपालांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायची, तिला वेगळा आकडा द्यायचा आणि दुसऱ्या गठ्ठ्यात सरकवायची. परीक्षकाला ओळखू आली तर त्यानं पानाचा कोपरा दुमडायचा, पण गुण मात्र नव्यानं द्यायचे. दोन वेळच्या गुणांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर त्याचा सगळा वाटा काढून घ्यायचा आणि उरलेल्या दोघांनी पहिल्यापासून वाचायचा. मग तो माणूस कोणी का असेना.

प्राध्यापक एका वर्षी त्यात सापडले होते. त्यांच्या मुलीचं लग्न होतं त्या महिन्यात. तीन आणि आठ. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावणं, मन घरी ठेवून नुसतं डोळं घेऊन आलाय तुमी." वाटा काढून घेतला. प्राध्यापकांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी तो अपमान गिळला आणि पुढच्या वर्षी परत आले. मला ते तेव्हापासून आवडायला लागले.

परतीची गोष्ट मधल्यातली निवडायची, हाही नियम. फार चांगली आणि फार वाईट कुणाच्याही लक्षात राहते.

आता मी सांगतेय ते वर्ष. पहिले गठ्ठे वाचून झाले आणि आम्ही माडीवर जमलो. गुण सांगून होईपर्यंत गोष्टींबद्दल बोलायचं नाही अशी सरांची सक्त ताकीद असायची. मी एकदा नुसतं "एक जगात भारी आहे हं" म्हटलं होतं तर त्यांनी माझा चहा दुसऱ्याला दिला होता. त्या दिवशी मात्र चहा आला आणि सर स्वतःच सांगायला लागले.

गोष्ट होती एका गावातल्या दूध डेअरीवरच्या बाईची. तिचं काम वास घ्यायचं. सकाळी कॅन आले की एकेक झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि सांगायचं, हे चांगलं, हे नासायला लागलंय. गावात तिच्या नाकाचा शब्द शेवटचा. मग तिला मोठा ताप येतो, आणि तापातून उठते तर वास गेलेला असतो. कशाचाच येत नाही. घरात सांगत नाही, डेअरीत सांगत नाही. रोज झाकण उघडते, नाक आत घालते आणि कॅन आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघते. तोंड बघून सांगते, चांगलं. तोंड बघून सांगते, नासलंय. आणि एक दिवस एक म्हातारा कॅन घेऊन येतो, त्याच्या तोंडावर काहीच नसतं.

"त्याच्या तोंडावर कायबी न्हाय," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. "लिवणाऱ्याला काय म्हंजे काय कळलंय बघा. नऊ दिलं मी. दहा कुणाला देत न्हाय म्हणून नऊ."

नियम मोडताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हातारपण, दुसरं काय, असं मनात म्हणून मी चहा प्यायले. आमची ग्रंथपाल त्या वर्षी नवीन होती, तरणी मुलगी, कामाला चोख. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिचेही डोळे भरले होते.

पुढच्या आठवड्यात मला मंडईत काकू भेटल्या. मेथीची जुडी हातात घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. मला बघितलं आणि दंडाला धरून कडेला घेऊन गेल्या. आमच्याकडं खेड्यातल्या बायका "मी करते" म्हणत नाहीत, "मी करतो" म्हणतात, आणि काकू तर आयुष्यभर तसंच बोलत आल्या.

"तुला म्हणून सांगतो," त्या म्हणाल्या, "ह्यांचं काय खरं न्हाय बघ. परवा बिंदू चौकात उभं ऱ्हायलेलं. कुठं जायचं त्येच ध्यानात न्हाय. रिक्षावाला वळखीचा हुता म्हणून घरी आला माणूस. डॉक्टरला दावलं. त्यो म्हणतोय, हे आता वाढतच जाणार."

मी म्हटलं, "काकू, आणि गोष्टी वाचतात?"

"त्येच सांगालोय न्हवं. त्या गठ्ठ्यापायी तर सकाळी उठत्यात. आंगूळ करत्यात, इस्त्रीचा शर्ट घालत्यात, टेबलाला बसत्यात. न्हायतर दिवसभर भिताडाकडं बघत बसायचं. तू तो गठ्ठा काढून घ्यायला लावलास तर माणूस आठ दिसांत आडवा हुईल." त्यांनी माझा दंड सोडला नव्हता. "ह्ये वर्ष निभावून ने बाई. पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय."

मी "बघते" म्हटलं. माणूस अडकला की बघते म्हणतो, तसंच. घरी येऊन भाजी तशीच टेबलावर टाकली आणि मला राग आला. काकूंचा आला, सरांचा आला, त्या डॉक्टरचा पण आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला? ह्या माणसानं मला भाषा दिली. माझे वडील गेले तेव्हा फी भरायला, पुस्तकं आणायला हाच माणूस होता. त्यांच्या सकाळी जर ह्या गठ्ठ्यावर चालल्या असतील तर चालू देत की. पण मग ज्यांच्या गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या त्यांनी काय घोडं मारलं होतं? कुणीतरी रात्रपाळी करून लिहिलंय, कुणी पोरं झोपल्यावर लिहिलंय. त्यांना कुठं माहीत, आपली गोष्ट वाचणारा माणूस बिंदू चौकात हरवतो. मी कुणाला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, परतीची गोष्ट आहे ना, ती काय ते सांगेल. आणि मनाशीच असंही म्हटलं की मधल्यातली असते, सुटतील सर. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, ते लपवून काय करू.

गुण सांगायचा दिवस आला. पद्धत अशी की ग्रंथपाल आकडा पुकारणार आणि ज्याच्या वाट्याची गोष्ट त्यानं मोठ्यानं गुण सांगायचे. सरांचा पहिला गठ्ठा आधी झाला. पाच, तीन, सात, नऊ, दोन. सरांचे गुण असेच वरखाली असायचे, ते वाचताना माणूस जागा आहे हे कळायचं. मग दुसरा गठ्ठा निघाला.

"सहा," सर म्हणाले.

पुढचा आकडा. "सहा."

पुढचा. "सहा."

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग प्राध्यापकांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. ग्रंथपालचा आवाज बारीक होत चालला. तिनं पुकारायचं आणि सरांनी पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं बघून सांगायचं, सहा. कुणाला पाच नाही, कुणाला सात नाही. माझं डोकं तापायला लागलं. हजेरी घेतल्यासारखं चाललं होतं सगळं.

शेवटची गोष्ट राहिली. तिलाही सहा. ग्रंथपाल कागदाकडं बघत म्हणाली, "ही सरांची परतीची गोष्ट. आधी नऊ आहेत."

"कुठली?" सरांनी विचारलं.

"ती डेअरीतल्या बाईची. वास जातो ती. तुम्ही चहाला सांगितली होती की सर."

मी कपाळाला हात लावला. मधल्यातली निवडायची हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला आवडली म्हणून तिनं ती उतरवून काढली होती.

"ती ह्यात न्हवती," सर म्हणाले.

तिनं कागद पुढं केले. सरांनी घेतले. पहिलं पान वाचलं, मग शेवटचं बघितलं, मग परत पहिलं. कोपरा दुमडलेला नव्हता. वर त्यांच्याच हातचा सहा होता. ते त्या सहाकडं बघत राहिले.

आणि माझा तोल गेला. खाली वाचनकक्षातल्या लोकांनी माना वर केल्या असतील एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं, "सर, वाचलं तरी का तुम्ही? का नुसतेच सहा ओढत गेलात?"

"वाचलं की," ते म्हणाले. जराही चिडले नाहीत. "सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपतोर. पर शेवटाला येतोय तवर सुरवात गेल्याली असती. मग पुन्यांदा सुरवातीला जातोय. तवर शेवट जातोय. रोज सकाळी तेच." त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. "म्हटलं, ज्याचं मला कळंना त्याला कमी कसं द्यायचं? आणि जास्त तरी कशापायी द्यायचं? मग सगळ्यांस्नी सारखंच दिलं. सहा दिलं म्हंजे कुणाचा अपमान बी न्हाय, कुणावर अन्याय बी न्हाय."

"अन्याय आहे सर," मी म्हटलं. आवाज आपोआप खाली आला होता. "सहाची गोष्ट पोत्यात जाते. नियम तुमचाच आहे. ह्यात एखादी नऊची असली तर ती पण मेली."

"व्हय?"

"व्हय."

"मग चुकलंच की," सर म्हणाले.

मग प्राध्यापकांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हे आपला जुना हिशोब चुकता करणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "सर, मी तुमचा वाटा घरी नेऊन वाचतो. कुणाला सांगायची गरज नाही. नाव तुमचंच राहू दे. पुढच्या वर्षीही असंच करू." ग्रंथपालनं घाईनं मान हलवली. दोघंही माझ्याकडं बघायला लागले. काकूंनी मागितलं होतं ते आपसूक होत होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं.

सरांनी प्राध्यापकांना विचारलं, "तुमचं असं झालं हुतं तवा मी काय केलं हुतं?"

प्राध्यापकांचे कान पुन्हा लाल झाले.

सर माझ्याकडं वळले. "तू सांग. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

वर्गात ते प्रश्न विचारायचे तेव्हा असेच बघायचे, उत्तर येईपर्यंत नजर काढायचे नाहीत. खोटं बोलायचं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "वाटा काढून घेतला असता."

"मग घे," ते म्हणाले.

त्यांनी सगळे कागद टेबलावर ठोकून सरळ केले. सुतळी घेतली, आडवी उभी फिरवली आणि गाठ मारली. गाठ मारायला हात विसरले नव्हते. परतीची गोष्ट तेवढी त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात घातली. ती उतरवलेली प्रत होती, मूळ कागद आमच्याकडं होतेच, म्हणून कुणी अडवलं नाही. मी गठ्ठा उचलून ग्रंथपालकडं दिला. तो इतका जड कधी लागला नव्हता, असं लिहिलं तर सर लाल रेघ मारतील. गठ्ठा नेहमीएवढाच होता. मला रडू येत होतं.

मी त्यांना रिक्षानं घरी सोडायला निघाले. राजारामपुरी यायच्या आधीच त्यांनी मांडी चाचपली, बाजूला बघितलं आणि म्हणाले, "गठ्ठा कुठं ऱ्हायला माझा? रिक्षा फिरव, माडीवर इसरला."

म्हणजे मला ते परत सांगावं लागलं. तेच सगळं, पहिल्यापासून. सहा, परतीची गोष्ट, नियम. त्यांनी दुसऱ्यांदाही ते पहिल्यासारखंच ऐकलं आणि म्हणाले, "मग चुकलंच की." रिक्षावाला आरशातून बघत होता. दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी आधी सरांकडं बघितलं नाही, त्यांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. माझ्याकडं तर त्यांनी त्या दिवशी बघितलंच नाही.

सरांचा वाटा आम्ही दोघांनी पहिल्यापासून वाचला. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या काही गोष्टी खरंच वर आल्या. एक तर कुरुंदवाडकडची होती, ती दुसरी आली. ती सहावरच गेली असती. म्हणजे मी बरोबर वागले. ह्याचं मला आजतागायत काडीचं समाधान मिळालेलं नाही.

डेअरीतल्या बाईच्या गोष्टीचं तर वेगळंच झालं. सरांचे सगळे गुण रद्द, म्हणजे तो नऊही रद्द. मी ती वाचली तेव्हा सरांचा आवाज कानात होता. दहा द्यावेत असं फार वाटलं. पण तो आवाज काढून टाकला तर काय उरतं, हे बघायचं असतं, आणि उरत होते आठ. मधली दोन पानं सैल होती. प्राध्यापकांनी सात दिले. गोष्ट उत्तेजनार्थात गेली. बक्षीस घ्यायला जी बाई आली ती खरोखरच वारणेकाठच्या एका गावातली, डेअरीवर कामाला असलेली. कार्यक्रम झाल्यावर माझ्याजवळ आली आणि सरळच विचारलं, "बाई, पहिल्या नंबराला काय कमी पडलं माझ्यात, सांगा की. पुढच्या खेपेला सुधारतो." मी तिला मधल्या दोन पानांबद्दल सांगितलं. तिनं ते लक्ष देऊन ऐकलं. तिची गोष्ट ज्याला सगळ्यात जास्त कळली होती त्या माणसाबद्दल मी काही सांगितलं नाही.

सरांकडं जायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. गेले तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि नुसतं "ये" म्हणाल्या. मला वाटलं होतं सर आडवे असतील. ते इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाला बसले होते. समोर कागद होते आणि हातात पेन्सिल. मला बघून त्यांनी मान हलवली. मी कोण ते त्यांना कळलं होतं का, सांगता येत नाही, पण हातानं थांब अशी खूण केली, कारण त्यांचं शेवटचं पान चाललं होतं.

"रोज इच्यारत हुते, गठ्ठा आला का, गठ्ठा आला का," काकू स्वयंपाकघरात मला म्हणाल्या. "कुठला गठ्ठा देऊ? त्यांच्या खिशात ते कागद घावलं. वरचा आकडा रबरानं पुसला आणि म्हटलं, आला बघा. तवापासनं रोज सकाळी आकडा पुसून तेच देतो. सगळी सकाळ पुरतंय त्यास्नी. एकच गोष्ट असली की डोकं पेलतंय."

"रोज तीच?"

"तीच की. त्यास्नी कुठं कळतंय." काकूंनी चहाचं आधण ठेवलं. "पर एक हाय बघ. रोज नऊच देत्यात. एक दिवस कमी न्हाय, एक दिवस जास्त न्हाय. आणि म्हाताऱ्याच्या तोंडापाशी आलं की रोज चष्मा काढून पुसत्यात."

बाहेरून आवाज आला, "नऊ. लिवून घ्या."

काकूंनी तिथूनच ओरडून सांगितलं, "घेतलं." मग मला म्हणाल्या, "मी काय न्हाय घेत लिवून. कशात घेऊ?"

मी त्यानंतर दर आठवड्याला जायला लागले. ते वाचत असायचे आणि मी समोर बसून राहायचे. परतीची गोष्ट रोज त्यांच्याकडं परत येत होती आणि रोज तिला तेवढेच गुण मिळत होते. इतकी वर्षं परीक्षण करून मला हे एकदाही जमलेलं नाही. माझा मूड बदलतो, ऊन वाढलं की माझा हात आखडतो. ह्या माणसाला माझं नाव आठवत नव्हतं आणि त्याचा काटा तसूभर हलत नव्हता. काकूंवरचा आणि स्वतःवरचा माझा राग ह्याच खोलीत बसून हळूहळू ओसरला. सरांनी एकदा मला विचारलं, "तुमी बी लिवता का काय?" मी नाही म्हटलं. "बरं हाय," म्हणाले. "लई जण लिवत्यात."

यंदा पोती नुकतीच आली होती. मी माडीवर लिफाफे वेगळे करत होते तेव्हा काकूंचा फोन आला. एरवी त्या फोन करत नाहीत. दुपार होती, खाली कुणीतरी वर्तमानपत्राची पानं उलटत होतं.

"आज गंमतच झाली बघ," काकू म्हणाल्या. "वाचून झालं आणि म्हणाले, सहा. मी म्हटलं, नीट बघा की, रोज नऊ असत्यात. तर म्हणाले, न्हाय, सहाच. रुसलेत वाटतं गोष्टीवर."

सहा म्हणजे काय, हे काकूंना कुणीच सांगितलेलं नव्हतं. मी खिडकीपाशी गेले.

"चष्मा पुसला का त्यांनी?" मी विचारलं.

काकू जरा आठवत राहिल्या. "न्हाय बघ," म्हणाल्या. "आज न्हाय पुसला."

मी त्यांना विचारलं की सर जेवले का. जेवले, म्हणाल्या. मग मी संध्याकाळी येते असं सांगितलं आणि फोन ठेवला.